पॅडवर वेगवान, बाउटमध्ये उशिरा: एका कुमिते खेळाडूचं प्रकरण

खेळाडू सतरा वर्षांची मुलगी. लहानपणापासून कराटे करते, गेली काही वर्षं भर फक्त कुमितेवर, म्हणजे समोरासमोरच्या लढतीवर. मिटवर, म्हणजे जोडीदारानं हातात धरलेल्या पॅडवर, तिचा ग्याकू-झुकी (मागच्या हाताचा सरळ पंच) पाहिला तर कुणीही म्हणेल, इतका झटपट हात क्लासमध्ये दुसऱ्या कुणाचा नाही. तरीही ती बाउट, म्हणजे लढत, हरायची, आणि बहुतेक वेळा एकाच तंत्रावर: समोरचीचा किझामी-झुकी, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच. कुमितेत पंचाला १ पॉइंट, धडावरच्या किकला २ आणि डोक्यावरच्या किकला ३. तिला ३ चा फटका क्वचितच बसायचा. एकेक पॉइंट जात बाउट हातातून निसटायची.

तिला मिळालेला सल्ला सगळीकडून एकच होता: वेग वाढव. त्यासाठी रबर बँड बांधून पंच झाले, लॅडरवर (जमिनीवर अंथरलेल्या शिडीवर) फुटवर्क झालं, दमेपर्यंत मिटचे राउंड झाले. मिटवरचा हात आणखी सुटला. बाउटमधला उशीर मात्र जसाच्या तसा राहिला, आणि त्यात एक नवी सवय आली. समोरची जराशी हलली तरी ही डोळे मिटून खांदे वर घ्यायला लागली. विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "सर, मला हात येताना दिसतच नाही. लागल्यावरच कळतं."

ती तक्रार दिसण्याबद्दल करत होती आणि आम्ही औषध देत होतो हाताला. म्हणून वेगाचे सगळे जादा व्यायाम थांबवले आणि उशीर नेमका कुठे होतो ते आधी शोधायचं ठरवलं.

उशीर शोधताना

पहिली चाचणी अगदी साधी. जोडीदार मोजपट्टी उभी धरतो, खेळाडूची दोन बोटं खालच्या टोकाशी उघडी असतात, पट्टी न सांगता सोडली जाते. ती किती घसरली यावरून वेळ काढता येतो: १५ सेंमी म्हणजे साधारण ०.१७५ सेकंद, २० सेंमी म्हणजे ०.२ सेकंद. हिची पट्टी इतर मुलींच्या आसपासच थांबत होती. मज्जासंस्था मंद आहे, 'रिफ्लेक्स कमी आहेत' वगैरे शंका तिथेच मिटली. घरच्यांच्या मनात ती बरीच वर्षं घर करून होती, त्यामुळे एवढं कळल्यानंही त्यांना हायसं वाटलं.

दुसरी पायरी व्हिडिओची. हल्लीच्या अनेक फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन मिळतं, म्हणजे एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. स्पारिंगचं, म्हणजे सरावाच्या लढतीचं, असं चित्रीकरण केलं आणि प्रत्येक देवाणघेवाणीत तीन क्षण शोधले: समोरचीच्या शरीरात झालेला पहिला बदल, हिची पहिली हालचाल, आणि हिचा हात पोचल्याचा क्षण. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्षणातलं अंतर, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात हाताचा वेग म्हणतो, ते उत्तम होतं. गाडं अडत होतं पहिल्या आणि दुसऱ्या क्षणांमध्ये. कित्येक क्लिपमध्ये समोरचीचा ग्लव्ह अर्ध्याहून जास्त अंतर कापून येईपर्यंत हिच्या अंगात काहीच हलत नव्हतं.

आता इथलं गणित पाहू. दिसलेल्या एकाच खुणेला, एकच ठरलेलं उत्तर द्यायला निरोगी तरुण माणसाला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. सरावलेल्या कराटेपटूचा सरळ पंच सेकंदाला ७ ते १० मीटर इतका कमाल वेग गाठतो. सुरुवात शून्यापासून होते म्हणून सरासरी निम्मी धरली, तरी पाऊण मीटर अंतर ०.२ सेकंदाच्या आसपास संपतं. म्हणजे पोचेल एवढ्या अंतरावर उभं राहायचं, ग्लव्ह सुटलेला दिसण्याची वाट पाहायची आणि मग ब्लॉक करायचा, हा बेतच वरातीमागून घोडं आहे. त्याला हाताचा कितीही वेग पुरत नाही. जागतिक दर्जाचे धावपटूही बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत निघाले तर तो फॉल्स स्टार्ट धरला जातो, कारण तेवढ्यात आवाज ऐकून निघणं शक्य नाही असंच नियम मानतो. माणसाच्या प्रतिक्रियेला खालून एक भिंत आहे. सरावानं तिच्याजवळ जाता येतं, पलीकडे नाही.

मग चांगले खेळाडू वाचतात कसे? ते ग्लव्हची वाट पाहत नाहीत. बॅडमिंटनसारख्या खेळांत फटक्याच्या आधीच व्हिडिओ थांबवून 'शटल कुठे जाईल' असं विचारलेले प्रयोग १९८० च्या दशकात झाले. त्यांत कसलेले खेळाडू रॅकेट शटलला लागण्याआधीच, खेळणाऱ्याच्या हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतात आणि नवशिके रॅकेटवरच अडकून राहतात असं दिसलं. कुमितेतही हात सुटण्याआधी बरंच काही घडून जातं. मागच्या पायावर दाब येतो, पुढचा गुडघा किंचित झुकतो, खांदा सैल पडतो, डोकं इंचभर पुढे सरकतं. हे सगळं वाचता आलं तर निघण्यासाठी जादा वेळ मिळतो, आणि या खेळात तेवढ्या वेळातच पॉइंट ठरतो.

मिट पकडणारा ओरडत होता

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा शोध मला इथे वाटतो, आणि तो लागला अगदी सहज. मिट पकडणारा मिट वर करताना दर वेळी "हाय!" असं ओरडतो. बहुतेक क्लासमध्ये हे चालतंच. आवाजावरची प्रतिक्रिया दिसण्यावरच्या प्रतिक्रियेपेक्षा साधारण ०.०३ ते ०.०५ सेकंदांनी लवकर येते. म्हणजे हिचा 'विजेसारखा' हात कानावर चालत होता. मिट पकडणाऱ्याला तोंड बंद ठेवून, अनियमित अंतरानं मिट वर करायला सांगितलं. त्याच मुलीचा तोच हात लगेच चाचपडायला लागला. बाउटमध्ये समोरची काही ओरडून पंच मारत नाही.

शिवाय मिटवर प्रश्न एकच आणि उत्तरही एकच. डच शास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी १८६८ मध्येच दाखवलं होतं की एक खूण-एक उत्तर या कामापेक्षा अनेक खुणांतून निवड करायला जास्त वेळ लागतो. पुढे १९५२ मध्ये हिक आणि १९५३ मध्ये हायमन यांनी त्याचा हिशेब मांडला: पर्याय दुप्पट झाले की प्रतिक्रियेत साधारण सारखीच भर पडत जाते. आमच्या मुलीला किझामीवर देण्यासारखी उत्तरं विचारली तर तिनं भराभर सांगितली. मागे सरकून ग्याकू, बाजूला सरकून ग्याकू, ब्लॉक करून मावाशी-गेरी (गोल फिरवून मारलेली किक), एकाच वेळी किझामी, आत घुसून क्लिंच (अंगाला भिडून धरणं), पुढच्या पायाची किक. सगळी बरोबर, सगळी शिकवलेली, आणि सगळी एकाच वेळी दारात उभी. त्यात तिचं आवडतं उत्तर ब्लॉक-पंच-किक अशा तिहेरी जोडणीचं. हालचाल जितकी गुंतागुंतीची तितकी ती सुरू व्हायलाच जास्त वेळ लागतो, हेही १९६० पासून माहीत असलेलं सत्य आहे. म्हणजे जास्त शिकल्यामुळे ती हळू झाली होती. हुशार, अभ्यासू मुलांच्या बाबतीत हे नेहमी दिसतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांना आणखी तंत्रं शिकवून आपण आणखी अडकवतो.

व्हिडिओत आणखी तीन गोष्टी निघाल्या. तिची नजर सतत समोरचीच्या पुढच्या ग्लव्हवर होती. पंच सोडण्याआधी तिचं कोपर किंचित मागे यायचं, त्यामुळे समोरचीला ही निघणार हे आधीच कळायचं. आणि तिचा बाउन्स, म्हणजे जागेवरची उडी, फार उंच होता. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले असताना ढकलायला काहीच नसतं, पाय परत टेकेपर्यंत शरीर दिशा बदलू शकत नाही. तिच्यावर बसलेल्या पंचांच्या क्लिप फ्रेम-फ्रेम पुढे नेल्या तेव्हा समोरच्या मुली नेमक्या त्याच क्षणी निघत होत्या. कुणी ठरवून, कुणी नुसत्या अंगच्या जाणिवेनं.

काय केलं

आधी वजाबाकी. किझामीला फक्त दोन उत्तरं ठेवली: अंतर लांब असेल तर मागचा पाय सरकवून ग्याकू, जवळ असेल तर त्याच क्षणी स्वतःचा किझामी. बाकी सगळं काही काळ बंद. तिला ते पटायला वेळ लागला. "सर, एवढंच केलं तर मी प्रेडिक्टेबल होईन ना?" असं तिनं विचारलं. रास्त प्रश्न आहे. पण उत्तर वेळेवर निघालं तरच ते ओळखीचं की अनोळखी याला अर्थ येतो.

मग अंतर. गार्डची, म्हणजे तयारीत उभं राहण्याची, जागा अर्ध्या पावलानं मागे घेतली. समोरचीला आता हात नुसता लांबवून चालत नव्हतं, पाय पुढे टाकावा लागत होता. पाऊल टाकायला वेळ लागतो, शिवाय ते हातापेक्षा मोठं असतं आणि लवकर दिसतं. प्रतिक्रियेला वेळ मिळवून देण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, तरी 'वेग' या विषयावर बोलताना मा-आईचा, म्हणजे अंतराचा, उल्लेखही होत नाही.

नजर ग्लव्हवरून उचलून छातीच्या वरच्या भागावर, हनुवटीच्या खाली आणली. एका बिंदूवर न रोवता सैल ठेवायची, म्हणजे खांदे, कंबर आणि पुढचा गुडघा कडेच्या नजरेत राहतात. कडेच्या नजरेला बारकावे दिसत नाहीत, पण हालचाल छान कळते. जपानी युद्धकलांमध्ये दूरच्या डोंगराकडे पाहावं तसं प्रतिस्पर्ध्याकडे पाहा असं पूर्वापार सांगतात, ते याचसाठी.

वाचनाचा सराव दोन प्रकारे केला. एक फोनवर: बाउटच्या क्लिप हात सुटण्याच्या जरा आधी थांबवायच्या आणि तिनं सांगायचं, येतोय की नाही, हात की पाय. आधी ती नुसते अंदाज ठोकत होती. मग तिची तिलाच खूण सापडली. "पुढचा गुडघा आत वळला की किझामी येतो," असं ती एक दिवस म्हणाली. आम्ही क्लिप मागे घेऊन पाहिल्या. त्या विशिष्ट प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत ते खरं होतं. सर्वांच्या बाबतीत नाही, आणि ते तिला समजावून सांगावं लागलं.

दुसरा प्रकार मॅटवर, जोडीदारासोबत. जोडीदार तीनपैकी एकच गोष्ट करतो: खरा किझामी, अर्धा फेंट (हुलकावणी), किंवा काहीच नाही. आवाज नाही, ताल नाही. खऱ्यावर हिनं निघायचं, फेंटवर थांबायचं. यातला 'थांबायचं' हा भाग खरा कस पाहतो. पहिल्या हालचालीला उत्तर द्यायची तयारी डोक्यात सुरू असताना लगेच दुसरी हालचाल आली, तर दुसऱ्या उत्तराला रांगेत थांबावं लागतं. दोन्हींतलं अंतर ०.३ सेकंदांहून कमी असेल तर हा उशीर ठळकपणे जाणवतो, आणि फेंट चालतो तो याच कारणानं. म्हणून प्रत्येक बारीक हालचालीला पूर्ण उत्तर देणारा खेळाडू कितीही चपळ असला तरी फसतो. फेंटवर पूर्ण ब्लॉक न टाकता फक्त वजन जरा मागे घ्यायचं, एवढंच उत्तर आम्ही बसवलं.

या सरावात एक अट कडक होती: वेग पूर्ण, पण फटका चामडीशी थांबलेला. माउथगार्ड आणि ग्लव्ह असले तरी रोज तोंडावर जोरात बसायला लागलं की डोळे मिटण्याची सवय परत येते, आणि मिटलेल्या डोळ्यांना काहीच वाचता येत नाही.

हाताच्या बाबतीत फक्त दोन कामं केली. पहिलं, कोपर मागे न नेता आहे तिथून हात सोडणं. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, कोपर भिंतीला टेकू न देता पंच काढायचा. चुकलं की लगेच कळतं, कुणी सांगावं लागत नाही. दुसरं, सैलपणा. अव्वल मिक्स्ड मार्शल आर्ट्स खेळाडूंच्या स्नायूंवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की फटक्यात स्नायू दोनदा आवळतात, एकदा निघताना आणि एकदा आदळताना; मधल्या वाटेत ते सैल पडतात. हिची मूठ मात्र 'हाजिमे' (सुरू करा) पासून 'यामे' (थांबा) पर्यंत आवळलेली. आवळलेला दंड स्वतःच्याच विरुद्ध स्नायूशी भांडत पुढे जातो. म्हणून मूठ फक्त शेवटच्या क्षणी बंद करायची, हे बोटांपासून शिकवलं.

वेगाच्या सरावाची जागाही बदलली. पूर्वी तो क्लासच्या शेवटी व्हायचा, घामाघूम झाल्यावर. आता वॉर्म-अपनंतर लगेच, ताज्या अंगानं. ५-६ सेकंदांचा स्फोटक सेट, मग दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. एवढ्या छोट्या, तीव्र कामाला लागणारी ऊर्जा मुख्यतः स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते आणि तो साठा भरून यायला काही मिनिटं जातात. विश्रांती न देता रेटत राहिलं तर दम वाढतो, वेग नाही. शरीर हळू पंच मारण्याचाच सराव करतं. उभं राहून वाट पाहणाऱ्या मुलीकडे बघून पालकांना वाटायचं, हिला आज काही करून घेत नाहीत. त्यांना बोलावून हे समजावलं.

रंगीत दिवे लागले की हात लावायचा, अशी प्रतिक्रियेची यंत्रं आणि ॲप वापरायची का, असंही विचारलं गेलं. मी नको म्हणालो. दिव्यांचा सराव केला की दिव्यांवरची प्रतिक्रिया सुधारते. दिव्याला खांदा नसतो, गुडघा नसतो, तो फेंट करत नाही. लहान मुलांना मजा म्हणून ठीक. ज्या मुलीचा प्रश्न माणूस वाचण्याचा आहे तिचा वेळ माणसांसमोरच जायला हवा.

मधला खडतर काळ

सुरुवातीचे आठवडे अवघड गेले. उत्तरं कमी केल्यामुळे ती आधीपेक्षा जास्त हरायला लागली, क्लासमधल्या ज्युनियर मुलीही पॉइंट काढायला लागल्या. मग ती दुसऱ्या टोकाला गेली. वाचण्याऐवजी पैज लावायला लागली, समोरची हलायच्या आधीच सुसाट निघायची. कधी सुंदर पॉइंट, कधी सरळ डोक्यावर मावाशी. ओळखणं आणि जुगार खेळणं बाहेरून सारखेच दिसतात, फरक फक्त व्हिडिओत कळतो: हिची हालचाल समोरचीच्या पहिल्या बदलानंतर आहे की आधी? आधी असेल तर पॉइंट मिळाला तरी आम्ही तो सरावात धरत नव्हतो. ती चिडायची. पण याच नियमानं तिचा जुगार हळूहळू थांबला.

परीक्षेच्या दिवसांत तिची प्रतिक्रिया पुन्हा ढिली पडली. रात्री उशिरापर्यंत जागरण, सकाळी क्लास. झोप अपुरी असली की सरासरी वेळ थोडा वाढतोच, पण त्याहून वाईट म्हणजे मधूनच लक्ष सुटतं आणि एखादी प्रतिक्रिया भलतीच उशिरा येते. बाउट हरायला तेवढी एक पुरते. त्या काळात स्पारिंग बंद ठेवून फक्त क्लिप वाचन आणि हलकं फुटवर्क घेतलं.

आता कुठे आहे

किझामी तिला अजूनही बसतो. कुणालाही बसतो. पण स्पारिंगच्या ताज्या चित्रीकरणात तिची पहिली हालचाल बहुतेक वेळा समोरचीचा हात सुटण्याच्या सुमारास सुरू झालेली दिसते, आणि अनेकदा तिचाच किझामी आधी पोचतो. पूर्वी तिचा सगळा खेळ गो नो सेनचा होता: हल्ला येऊ द्यायचा, अडवायचा, मग मारायचं. आता ती सेन नो सेनवर, म्हणजे हल्ल्याच्याच क्षणी हल्ला करण्यावर, भरवसा ठेवायला लागली आहे. डोळे मिटणं जवळपास गेलं. मोजपट्टी मात्र जिथे थांबत होती तिथेच थांबते. प्रतिक्रियेचा मूळ वेळ बदललाच नाही. ती लवकर निघते ते आता लवकर पाहते म्हणून.

काढून टाकलेली उत्तरं एकेक करून परत आणतो आहोत. बाजूला सरकून ग्याकू आलं, क्लिंच अजून नाही. नवं उत्तर आणलं की काही दिवस उशीर वाढतो, मग अंगवळणी पडतं. वाढला आणि उतरलाच नाही तर ते उत्तर पुन्हा बाहेर.

न सुटलेलं एक कोडं आहे: उलट्या स्टान्समध्ये उभ्या राहणाऱ्या प्रतिस्पर्धी. उजवा पाय पुढे असणारी मुलगी समोर आली की हिचं सगळं वाचन विस्कटतं, नजर पुन्हा ग्लव्हवर जाते. साहजिक आहे, कारण तिनं शिकलेल्या खुणा एका बाजूच्या शरीराच्या आहेत आणि अशा मुली सरावात कमी भेटतात. द्वंद्वाच्या खेळांत डावखुऱ्यांना जो फायदा मिळतो त्यामागेही हाच अपरिचय हे मोठं कारण मानलं जातं. क्लासमधल्या दोघींना आठवड्यातून काही सत्रं उलट्या स्टान्समध्ये उभं राहायला सांगितलं आहे, आणि क्लिपचा नवा संच फक्त तशा प्रतिस्पर्ध्यांचा तयार होतो आहे. त्यातही आधी अंतर अर्ध्या पावलानं वाढवलं आहे आणि उत्तर फक्त एक ठेवलं आहे.